खुनी सापडला, मंग?

"वास नसन आला का वो त्याले?"

काकूंनी हे विचारलं ओट्यावर, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, कोणाकडेच न पाहता. डिसेंबरचं ऊन होतं, सोलेभातासाठी आम्ही चारपाच जणी शेंगा सोलत बसलो होतो आणि विषय अर्थातच रात्री टीव्हीवर लागलेल्या त्या टेलिफिल्मचा. मर्डर मिस्ट्री होती, दोन तासांची, खास टीव्हीसाठीच बनवलेली, आणि आठवडाभर दर ब्रेकला जाहिरात दाखवून दाखवून चॅनलवाल्यांनी असा माहोल केला होता की निम्म्या गावात त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकला. कोकणातला बंगला, धो धो पाऊस, श्रीमंत म्हातारा, त्याची दुसरी बायको, पहिलीची मुलगी, एक पुतण्या, जुना नोकर, डॉक्टर. म्हातारा व्हरांड्यात बसून सरबताचा ग्लास एका दमात संपवतो, मान टाकतो, वीज चमकते, पहिला ब्रेक. नंतर कळतं की सरबतात बागेत फवारायचं औषध होतं. काकूंचं म्हणणं काय ते आम्हाला लगेच कळलं, सगळ्या खो खो हसल्या, एक जण म्हणाली "बंगलेवाल्यायचं नाक बंद रायते वाटते", आणि मग ते हसणं एकदम थांबलं, कारण समोरच्या घरची वहिनी पण आमच्यातच बसली होती. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. फक्त टोपलं थोडं जवळ ओढून घेतलं.

तिच्या घरी काय झालं ते गावाला माहीत आहे, मी लिहिणार नाही.

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण त्याच वेळी माझ्या मोबाईलवर नागपूरच्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये त्याच टेलिफिल्मवर नुसता पाऊस पडत होता मेसेजेसचा आणि त्यात वासाचं कोणीच बोलत नव्हतं. एकीला शेवट प्रेडिक्टेबल वाटला, एकीला बॅकग्राउंड म्युझिक फार लाऊड, एकीनं पाचपैकी अडीच स्टार दिले आणि अर्धा स्टार फक्त त्या दुसऱ्या बायकोच्या साड्यांसाठी असं लिहिलं, एक म्हणाली डिटेक्टिव्हला त्या दाराच्या कडीवरून संशय यायला इतका वेळ का लागला, मला तर दुसऱ्या ब्रेकच्या आधीच कळलं होतं. (हे प्रत्येक वेळी म्हणणारी एक मैत्रीण सगळ्यांकडेच असते.) मी पण रात्री काहीतरी टाकलं होतं, कॅमेरा छान, मधला भाग रेंगाळला वगैरे. ते मत आजही तसंच आहे, मधला भाग रेंगाळलाच होता. पण एकच सिनेमा दोन ठिकाणी पाहिला गेला आणि दोन्हीकडच्या मतांमध्ये एक शब्द सारखा नाही, असं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

आमच्याकडे तो कसा पाहिला गेला ते आधी सांगते. आमच्या गावात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात जिथे मोबाईलला एक काडी यायला गच्चीवर चढावं लागतं त्या गावात, कृषीपंपाची लाइन कधी दिवसा असते कधी रात्री. आठ तास. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती आणि थ्री फेज यायची दहाला. टेलिफिल्म सुरू झाली साडेआठला. म्हणजे बरोबर जेव्हा तो डिटेक्टिव्ह, जो खरं तर रिटायर्ड प्रोफेसर असतो, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावतो, लाइट घालवून परत लावतो आणि चष्मा पुसत "खुनी याच खोलीत आहे" म्हणतो, तेव्हा आमच्या खोलीतले सगळे पुरुष उठून गमबूट घालत होते. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, गव्हाला द्यायचं होतं, आणि खुनी कोणी का असेना, दहाला मोटर चालू केली नाही तर शेजारचा लाइन लोड करून टाकतो. दादानं बॅटरी घेतली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि जाता जाता मला म्हणाला, "मोबाईलवर सांग कोन निंघाला त." रानडुकरं, साप, आणि अलीकडे वाघ पण पाहिल्याच्या बातम्या, अशा अंधारात हे लोक निघाले आणि मागे आम्ही बायका, पोरं, म्हातारे, रजया पांघरून खून कोणी केला ते पाहत बसलो.

मी फोन लावला पण वावरात रेंज नव्हती. मग झालं असं की पुरुषांना शेवट कळला सकाळी, पानठेल्यावर, ज्यांच्याकडे सोलर पंप आहे (ते दिवसा पाणी देतात, रात्री आरामात टीव्ही पाहतात) त्यांच्या तोंडून. आणि सोलरवाल्या दोघांनी दोन वेगळे शेवट सांगितले. एकानं सांगितलं पुतण्या, दुसऱ्यानं सांगितलं डॉक्टर अन् बायको मिळून. दुसरा शेवटी शेवटी झोपला होता बहुतेक, पण त्याचा शेवट जास्त रंगतदार होता, त्यामुळे निम्म्या गावात आजही डॉक्टरच खुनी आहे. आणि कोणाचं काही अडलं नाही.

आता वासाचं. हे शहरातल्या वाचकाला कसं सांगावं कळत नाही. फवारणीच्या दिवसांत आमच्या घराला तो वास असतो. पऱ्हाटीवरून, म्हणजे कपाशीच्या वावरातून, बाबा घरी आले की शर्ट बाहेर वलणीवर, आंघोळ झाल्यावरच घरात, आणि तरी रात्री भाकरीला हात लावताना त्यांच्या बोटांना तो यायचाच. जिभेच्या मागे काहीतरी कडवट बसल्यासारखं होतं आणि डोळे चुरचुरतात. लहानपणी मला तो वास म्हणजे बाबा घरी आल्याची खूण वाटायचा, याचं आता विचित्र वाटतं. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, पेपरात रोज आकडा वाढत होता, फवारताना अंगात गेलेल्या औषधानं जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, सरकारनं एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि डोक्यावरून फवारायचं म्हणजे सगळं तोंडावरच येत होतं, आणि दोनतीन औषधं एकत्र करून फवारायची सवय. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा एका नातेवाइकाला पाहायला गेले होते. वॉर्डात माणसं खाटेला बांधलेली होती, कारण ती बरळत होती, हातपाय झाडत होती, आणि सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन बॅटरीनं डोळ्याची बाहुली पाहत होती, मोठी झाली का, नसेल तर परत ॲट्रोपिनचं इंजेक्शन, त्या विषावरचा उतारा. बाहुली मोहरीएवढी होते म्हणतात, ती मी पाहिली आहे. आमच्या गावातल्या दहावी नापास पोराला पण ॲट्रोपिन हा शब्द माहीत आहे.

आणि टेलिफिल्ममधला म्हातारा सरबत पितो आणि शांतपणे मान टाकतो! केसाची बट पण हलत नाही.

म्हणजे गंमत बघा, स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं कडीवर मेहनत घेतली होती, घड्याळ दहा मिनिटं पुढे करण्यावर घेतली होती, पावसात चिखलाचे बूट कोणाचे यावर तर पंधरा मिनिटं खर्च केली होती. पण ज्यानं माणूस मेला त्या वस्तूचं झाकण त्यानं कधी उघडलंच नसावं. माझ्या मैत्रिणींना कडी दिसली आणि आमच्या ओट्याला वास आला. ओट्यावरच्या बायकांना मिस्ट्री कळत नाही असं कोणी म्हणेल तर म्हणो, मला उलट वाटतं, यांनी पहिल्या दहा मिनिटांतच त्या केसमधला मुख्य पुरावा फेटाळून लावला होता.

पोलीस पाटलांचं मत अजून कडक. आता ते रिटायर झालेत, पण गावात अजून पाटीलच म्हणतात. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमणूक झालेला माणूस आहे, त्यांना ते वर्ष तोंडपाठ आहे आणि कोणीही विचारलं नाही तरी सांगतात. त्यांनी सगळी टेलिफिल्म नाकात तपकीर ओढत पाहिली आणि खून झाल्यापासून त्यांचं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. "बॉडीले हात कोनं लावला? खुर्चीवरून खाली कोनं घेतलं? पंच कुठी आहे? दोन पंच तं पायजे नं!" नोकरीत त्यांनी किती मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या चौकश्या, पाहिल्या असतील कोण जाणे, आधी कलम १७४ म्हणायचे, आता २०२४ च्या जुलैपासून नवीन कायद्यात ते १९४ झालं, हे पण त्यांना माहीत आहे, रिटायर झाल्यावर बदललेलं कलम त्यांनी पाठ करून ठेवलंय. आणि सगळ्यात जास्त ते खवळले कशावर, तर डॉक्टर दुसऱ्याच दिवशी सकाळी सांगतो की पोटात अमुक विष सापडलं. पाटील खुर्चीतून उठलेच. "अबे, व्हिसेरा राखून ठेवतेत, बरणीत सील करतेत, अमरावतीले नाई तं नागपूरले लॅबमंदी जाते, रिपोर्ट याले महिने लागते महिने! यायच्या बंगल्यात लॅब आहे का?" पोरं त्यांना म्हणाली आजोबा जाहिरात लागली आहे, बसा. १९९८ पासून सीआयडी पाहून पाहून पोरांना वाटतं की रिपोर्ट म्हणजे एका माणसानं निळ्या पाण्याची नळी हलवली की झालं. पण पाटलांना पोरांवर राग नव्हता. ते नंतर बाहेर आले, ओट्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले की तो रिपोर्ट येईपर्यंत घरच्या लोकांच्या किती चकरा होतात ते कोनी दाखवत नाई.

तेही खरंच आहे. आमच्याकडे माणूस औषधानं गेला की तपास सुरू होतो, पण खुनी शोधायला नाही. तपास असतो तो शेतकरी आत्महत्येच्या मदतीच्या एक लाख रुपयांसाठी. २००६ च्या जीआरप्रमाणे मिळतात ते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, आणि त्यासाठी समितीपुढे प्रकरण पात्र ठरावं लागतं. मग प्रश्न. कर्ज होतं का? कोणाचं होतं? बँकेचं, सोसायटीचं की परवाना असलेल्या सावकाराचं? (बिनापरवान्याच्या सावकाराचं कर्ज मोजत नाहीत, आणि आमच्याकडे सावकाराच्या घरावर परवान्याची पाटी मी तरी पाहिली नाही.) वसुलीचा तगादा होता का? दारू प्यायचा का? घरात भांडण होतं का? तलाठी, मंडळ अधिकारी, पोलीस, सगळे येऊन विचारून जातात आणि त्या घरातल्या बाईला, जिचं कुंकू नुकतंच पुसलेलं आहे, एकेक कागद गोळा करून सिद्ध करावं लागतं की तिचा माणूस बरोबर कारणानंच मेला. टीव्हीवरच्या प्रोफेसरकडे असतो तसा पुराव्याचा गठ्ठा समोरच्या घरच्या वहिनीकडे पण आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, गादीखाली. तिच्या प्रकरणावर 'अपात्र' असा शेरा बसला. का बसला ते तिला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

ती त्या रात्री आमच्याकडेच टेलिफिल्म पाहायला आली होती आणि सरबताच्या सीनला उठून गेली नाही. मला वाटलं होतं जाईल. मीच मूर्खासारखी रिमोट शोधत होते की चॅनल बदलावं, तर ती म्हणाली "राहू द्या नं ताई, पाहू द्या." आणि शेवटपर्यंत पाहिली. खुनी तिनंच सगळ्यात आधी ओळखला.

ओळखायची पद्धत ऐका. नागपूरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी कडीवरून, घड्याळावरून, नाहीतर 'सगळ्यात फेमस ॲक्टर फुकटचा थोडीच घेतील' या कायमच्या नियमावरून ओळखला. इथे? पुतण्या मुंबईहून येतो, काका गेल्याचं त्याला फोनवर कळलेलं असतं, गाडीतून उतरतो, धावत घरात शिरतो, प्रेताजवळ गुडघ्यावर बसून हमसून हमसून रडतो. वहिनी म्हणाली, "पायतन काढलं नाई त्यानं." बस. एका वाक्यात निकाल. काकूंनी लगेच मान डोलावली, "हाव वो, घरचं मानूस मेल्यावर पायात काही रायते काय, मले तं भान नोतं मी बस स्टँडपासून अनवाणी आल्ती." आणि दुसरी एक म्हणाली की तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तो वरणात लिंबू पिळून घेते, ज्याले दुख आहे तो लिंबू मागते का? डायरेक्टरनं हे ठरवून केलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. ॲक्टरला बूट काढायला कोणी सांगितलं नसेल, बुटाची लेस असेल, कंटिन्युइटी असेल, पाय घाण होतील म्हणून त्यानंच नाही म्हटलं असेल. पण चुकून ठेवलेल्या खुणेवरून बरोबर माणूस पकडला गेला, आणि मुद्दाम ठेवलेल्या खुणांकडे, म्हणजे त्या घड्याळाकडे वगैरे, कोणी ढुंकून पाहिलं नाही. दहा मिनिटं मागेपुढे म्हणजे काय, आमच्याकडे एसटी तासभर मागेपुढे असते.

लहानपणी मी मात्र त्या घड्याळवाल्या जातीची होते. १९९३ ला दूरदर्शनवर बासू चॅटर्जींचं ब्योमकेश बक्षी लागायचं, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अँटेना कावळ्यानं फिरवला की दादा वर चढायचा आणि मी खालून ओरडायची आला, गेला, आला. रजित कपूर धोतर नेसून शांतपणे बोलायचा आणि मला अर्धं हिंदी कळायचं नाही तरी वहीत संशयितांची नावं लिहून ठेवायची. त्याच्या आधी टीव्हीवरचा दुसरा डिटेक्टिव्ह, करमचंद, गाजर खायचा ते मला फक्त बाबांच्या नकलेतून माहीत आहे. आमच्या गावात कोणी गाजर खाताना दिसला की अजूनही बाबांच्या वयाची माणसं "काय करमचंद" म्हणतात, ज्या पोराला म्हणतात त्याला अर्थ माहीत नसतो.

पण दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेलं की सगळं उलटं. मामाचं गाव पूर्व विदर्भात वडशाजवळ, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेरच. दिवाळी झाली की नाटकं सुरू, शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक हवंच, उतरती जमीन खणून केलेल्या मंडपात शेकडो माणसं चादरी पांघरून बसलेली आणि नाटक सुरू व्हायचं रात्री दहा-अकराला ते संपायचं पहाटे, घरी येताना पाखरं ओरडत असायची. त्या नाटकांत पण खून असायचे, भरपूर. पण खुनी कोण ते पहिल्या अंकातच कळायचं, तोच स्टेजवर येऊन सांगायचा, मिशीला पीळ देऊन. मला भयंकर राग यायचा की यात काय मजा. आणि मजा तर अशी की अख्खा मंडप हिरॉइनला ओरडून सांगायचा, "पिऊ नोको बाई, त्यानं काही टाकलं त्यात!" आणि ती प्यायचीच. मग हळहळ अशी उठायची की समोर बसलेला प्रॉम्प्टर थांबायचा. २०२३ ला परशुराम खुणेंना झाडीपट्टीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा मामानं पेढ्याचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आता तरी म्हणशील का की मजा येते.' येते, मामा. देवमाणूस लागायची तेव्हा पण हेच पाहिलं ना आपण, २०२० साली, सातारा जिल्ह्यातल्या खऱ्या प्रकरणावरून सुचलेली सिरियल, खुनी डॉक्टरच आहे हे पहिल्यापासून माहीत आणि तरी आमच्या गावातल्या बायका हातातली कामं टाकून बसायच्या आणि टीव्हीला ओरडून सांगायच्या. कोणी केलं यापेक्षा आता हिचं कसं होईल याची घालमेल जास्त.

आणि मला वाटतं या टेलिफिल्मवर आमच्याकडच्यांचा खरा राग तिथेच आहे. वास हे निमित्त. प्रोफेसर बोलतो, पुतण्या कबूल करतो, पोलीस बेड्या घालून नेतात, पाऊस थांबतो, बंगल्याचं फाटक बंद होतं, नावं सुरू. मागे राहिलेली मुलगी आणि ती दुसरी बायको कुठे गेल्या? टेलिफिल्मनं त्यांना शेवटची ओळ पण दिली नाही. मुलगी तर दोन तासांत फक्त रडली, चांगली ॲक्ट्रेस आहे बिचारी.

खून झाला होता जमिनीसाठी. पुतण्याच्या नावाचं मृत्युपत्र असतं, म्हातारा ते बदलणार असतो, त्याच्या आधी पुतण्या काम उरकतो. यावर आमच्या तहसीलसमोर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनवीस काकांनी दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता जे ऐकवलं ते मी तसंच्या तसं ग्रुपवर टाकलं तर दोन मैत्रिणींनी पहिल्यांदा लाइक केलं. ते म्हणाले, "बायको जित्ती, पोरगी जित्ती, तं पुतन्याले वारसानं काय भेटते? काही नाई. राह्यलं मृत्युपत्र. तं १९५६ च्या वारसा कायद्यात पंचवीस कलम आहे, खून करनाऱ्याले मेलेल्याचा वारसा भेटत नाई. मंग यानं मारून फायदा काय केला? मले विचारलं असतं तं मी शंभर रुपयात सांगतलं असतं, मारू नोको, बुढ्याची सेवा कर." सगळे हसले. दादा पण हसला. मग अर्जनवीस काका ओघात पुढे बोलत गेले, की आता तर पोरीचा हक्क पोराइतकाच, २००५ ला कायदा बदलला, आणि बाप २००५ च्या आधी मेला असला तरी वडिलोपार्जितमध्ये तिचा जन्मानंच हक्क आहे हे २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी झाली असन तं ते उघडत नाई. हे ऐकता ऐकता दादाचा चहा संपला आणि बैलाला ढेप घालायची आहे म्हणून तो उठला. ढेप मी सकाळीच घातलेली होती.

बाबा गेल्यावर फेरफार झाला तेव्हा सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव चढलं. ते अजून आहे. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोलत नाही. दादा चांगला आहे, हे मी कोणाला पटवायला लिहीत नाहीये, तो खरंच चांगला आहे, रात्री दहाला गमबूट घालून तोच जातो, मी नाही. पण तो उठून गेला ते मला दिसलं आणि मला दिसलं हे त्याला पण कळलं असणार.

मोठ्या आईचं मत सगळ्यात शेवटी मिळालं, कारण तिनं टेलिफिल्म पाहिली आणि त्यावर काही बोललीच नाही. ती तशी पक्की प्रेक्षक आहे, कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीच्या अगदी पुढ्यात पाट टाकून बसते. दोन दिवसांनी मी तिचे पाय चोळून देत होते तेव्हा एकदम म्हणाली, "मंग त्याइच्या वावराचं काय झालं? सातबारा कोनाच्या नावानं झाला?" मी म्हटलं टेलिफिल्ममध्ये दाखवलं नाही, पण कायद्यानं बायकोला आणि मुलीला अर्धं अर्धं. ती थोडा वेळ थांबली. "पोरगी सोडून देईन." मी म्हटलं कशावरून? म्हणाली, "रडत होती नं नुसती. तिच्यापाशी कागद आनला तं सही करन ते." आणि मग, मी न विचारता, तिच्या माहेरच्या वावराचं सांगू लागली. राखीला गेली होती, भावानं लुगडं घेतलं, जेवण झालं, तलाठी घरीच आला होता, आंगठा घेतला, मग सगळ्यांनी चहा घेतला. किती एकर? तिला एकर माहीत नाही. पण उगवतीला नाला, मावळतीला मोहाचं झाड, वरच्या धुऱ्यावर तिच्या वडलांनी पुरलेला दगड आणि त्या दगडाजवळ तिनं लहानपणी हरवलेली चांदीची बिंदली, हे सगळं तिला माहीत होतं. मी विचारलं, रजिस्टर झालं होतं का ते हक्कसोड? दुय्यम निबंधकाकडे गेली होतीस का तू? "मी कायले जातो? सांगतलं नं, चहा घेतला."

मग मी मोबाईल काढला आणि लिहून घेऊ लागले. गावाचं नाव, तिच्या वडलांचं पूर्ण नाव, साधारण कोणतं साल, तर म्हणाली त्या वर्षी मोठी गाय मेली होती, मग ती गाय कोणत्या साली मेली याचा शोध, त्यासाठी काकूंना हाक, काकू म्हणाल्या गाय नाही म्हैस होती आणि ती तर इंदिरा गांधी गेल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे ८४ चाच उन्हाळा. जुने फेरफार आता ऑनलाइन पण निघतात, गट नंबर लागतो फक्त, तो तहसीलमध्ये सापडेल, अर्जनवीस काका शंभर रुपये घेतील. मोठी आई हे सगळं पाहत होती. शेवटी म्हणाली काय लिहून राह्यली एवढं, मी म्हटलं टेलिफिल्मवर लेख लिहायचा आहे त्यात हे पण लिहू का. ती म्हणाली लिही, पण नाव टाकू नोको, अन् भावाचं तं मुळीच नोको, दिवाळीले जा लागते मले तिथं.